उंबऱ्याच्या आतला कारखाना : सोलापूरचे माग, विड्या आणि वस्ती

राहण्याची जागा आणि कामाची जागा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, ही समजूत महाराष्ट्रातील शहरांत फार तर दीडशे-पावणेदोनशे वर्षांची आहे. त्यापूर्वी सोनार, कासार, शिंपी, साळी, कोष्टी यांच्या राहत्या घरातच त्यांचा धंदा चाले, आणि पेठ वसवताना कारागिराला घरासाठी जागा दिली जाई तेव्हा ती त्याच्या उद्योगाचीही जागा असे. मुंबईत १८५४ साली कावसजी दावर यांनी कापडगिरणीची मुहूर्तमेढ रोवली आणि पुढील काही दशकांत परळ-लालबागच्या परिसरात गिरणगाव उभे राहिले, तेव्हा ही दोन ठिकाणे प्रथमच मोठ्या प्रमाणावर वेगळी झाली. भोंगा ऐकू येईल आणि पायी वेळेवर पोचता येईल एवढ्या अंतरावर खोली मिळवणे, हा गिरणी कामगाराच्या निवासाचा पहिला नियम ठरला. या फारकतीचा इतिहास विपुल लिहिला गेला आहे. ज्या श्रमिकांच्या बाबतीत ती झालीच नाही, किंवा होऊन पुन्हा मोडली, त्यांच्याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले.

सोलापूर हे अशा श्रमिकांचे शहर आहे. गिरणी, हातमाग, यंत्रमाग आणि विडी हे चार व्यवसाय तेथे एकमेकांच्या आधाराने वाढले, पुष्कळदा एकाच कुटुंबात नांदले, आणि कुटुंबाने कोणत्या पेठेत, कशा घरात, किती भाड्याने राहायचे हे ठरवण्यात त्या सर्वांचा वाटा राहिला. काम घरी आले म्हणजे माणूस वाटेल तेथे राहू शकतो, असे २०२० नंतर वारंवार बोलले गेले. सोलापूरचा अनुभव याच्या जवळजवळ उलट आहे, आणि तो तसा का आहे हे समजून घेण्यासाठी मागाच्या खड्ड्यापासून सुरुवात करावी लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापूर हे मुंबई इलाख्याच्या सरहद्दीवरचे, निजामाच्या राज्याला लागून असलेले बाजारपेठेचे गाव होते. १८६० साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग तेथपर्यंत पोचल्यावर गिरणीचे सूत आणि परदेशी रंग स्वस्तात येऊ लागले आणि विणलेली लुगडी त्याच मार्गाने दूरच्या बाजारांत जाऊ लागली. १८७६ ते १८७८ या काळातील दुष्काळाने दख्खन आणि तेलंगण होरपळून निघाले, तेव्हा विणकरावर दुहेरी संकट आले. धान्य महागले, आणि शेतकरी अडचणीत सर्वांत आधी कापडाची खरेदी पुढे ढकलत असल्यामुळे विणलेला माल पडून राहिला. करीमनगर, वरंगल, नलगोंडा या भागांतील तेलुगू भाषक पद्मशाली कुटुंबे या दुष्काळाच्या आगेमागे, पुढेही कित्येक दशके, टप्प्याटप्प्याने पश्चिमेकडे सरकत राहिली. त्यांतील काही मुंबईला व भिवंडीला गेली आणि फार मोठा समूह सोलापुरात स्थिरावला. कुरुहीनशेट्टी, तोगटी हे विणकर समाज तेथे होते, तसेच साळी, कोष्टी आणि मोमीनही होते. शहराची लोकसंख्या १९०१ साली सुमारे ७५ हजार होती आणि १९५१ पर्यंत ती अडीच लाखांच्या पुढे गेली. या वाढीचा एक मोठा भाग जेथे सामावला त्या पेठांना मिळून सोलापूरकर आजही ‘पूर्व भाग’ म्हणतात, आणि तेथील घरांत मराठीइतकीच तेलुगू बोलली जाते.

हा विणकर घर शोधताना वस्तुतः मागासाठी जागा शोधत असे. त्याचा माग प्रामुख्याने खड्डामाग होता, म्हणजे विणणारा जमिनीच्या पातळीवर बसे आणि त्याचे पाय खाली खणलेल्या खड्ड्यात असत, जेथे पायाने दाबायच्या पट्ट्या ताण्याचे, म्हणजे उभ्या सुताचे, धागे आळीपाळीने वरखाली करीत. खड्डा खणायचा तर पायाखाली मातीची जमीन हवी. गिरणी कामगार चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहू शकत होता. खड्डामागाच्या विणकराला ती सोय नव्हती, कारण वरच्या मजल्यावरची खोली कितीही स्वस्त असली तरी त्याच्या दृष्टीने ती बेकारीची खोली होती. शिवाय कोरड्या हवेत सुती धागा वारंवार तुटतो, आणि सोलापूरची हवा वर्षातील बराच काळ कोरडी असते. म्हणून शेणाने सारवलेली ओलसर जमीन, ठेंगणे छप्पर आणि मोजक्या खिडक्या असलेले घर, जे आरोग्यखात्याच्या नजरेतून वाईट ठरेल, ते विणकामासाठी चांगले ठरे. अशा घराचे भाडे राहणाऱ्या माणसांच्या संख्येपेक्षा त्यात किती माग मावतात यावर अधिक अवलंबून असे.

घराबाहेरच्या जागेचीही तितकीच गरज होती. ताणा मागावर चढवण्यापूर्वी त्याला खळ लावून धागा गुळगुळीत व बळकट करावा लागतो; या क्रियेला पांजणी म्हणतात. पांजणीसाठी ताणा बराच लांब, सरळ आणि मोकळ्या जागेत ताणून धरावा लागे, दोन्ही बाजूंनी माणसे कुंच्याने खळ सारखी करीत पुढे सरकत, आणि ऊन फार चढण्याआधी काम उरकावे लागे. ज्या बोळात हे शक्य नाही तेथे घर घेऊन उपयोग नसे. त्यामुळे विणकरांच्या पेठेत सरळ, बऱ्यापैकी रुंद रस्ते आणि मोकळी पटांगणे यांना एक आर्थिक मूल्य होते, जे नगरपालिकेच्या नकाशावर दिसत नसे, आणि पहाटेचा रस्ता हा रहदारीचा मार्ग असण्याआधी सामाईक कारखान्याचा एक भाग असे. पावसाळ्यात पांजणी अडली की माग थांबत. रंगारी, सुताचा व्यापारी, फणी बनवणारा आणि तयार लुगडे विकत घेणारा दुकानदार हे सर्व चालण्याच्या अंतरावर असणे ही आणखी एक अट होती, आणि तीमुळे विणकर शहराच्या कडेला स्वस्त जागेत जाण्याऐवजी दाटीच्या पेठेतच राहणे पत्करीत.

माग जरी एक माणूस चालवीत असला तरी त्यामागे तीन-चार माणसांचे श्रम असत. बायका आणि मुले कांड्या भरत, म्हणजे आडव्या सुताच्या बारीक नळ्या धोट्यासाठी गुंडाळून तयार ठेवीत. तुटलेले धागे जोडणे, सूत उकलणे, खळ शिजवणे हीही त्यांचीच कामे होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत दोरीने ओढायचा धावता धोटा रूढ झाला, तेव्हा विणण्याचा वेग वाढला आणि त्याच प्रमाणात कांड्यांची मागणीही वाढली; यंत्रातील सुधारणेचा भार घरातील न मोजलेल्या श्रमांवर पडला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. या श्रमांची वेगळी मजुरी कोठेही लिहिली जात नसे, कारण दर लुगड्यावर ठरे आणि लुगडे पुरुषाच्या नावावर जमा होई.

सगळेच विणकर स्वतःच्या घरात विणत असत असे मात्र नाही. ज्याच्याकडे भांडवल होते असा विणकर किंवा व्यापारी कारखानदार बने, म्हणजे आपल्या वाड्यात दहा-वीस माग मांडून त्यांवर नव्याने आलेल्या कुटुंबांना बसवी, आणि ही कुटुंबे पुष्कळदा त्याच वाड्यात, मागांच्या शेजारी राहत. कामावर घेताना उचल दिली जाई, ती फिटेपर्यंत दुसरीकडे जाता येत नसे, आणि ती सहसा फिटत नसे. येथेही घर आणि कारखाना एकच होते, परंतु घर दुसऱ्याचे होते. नोकरी गेली की छप्परही जाई. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने या शहराकडे विशेष लक्ष दिले. ना. म. जोशी यांचा दख्खनमधील नागरी हस्तव्यवसायांवरील ग्रंथ १९३६ साली आणि रा. गो. काकडे यांचा सोलापूरच्या विणकर समाजांवरील अभ्यास १९४७ साली प्रसिद्ध झाला, त्यामुळे या काळातील विणकराच्या जगण्याची माहिती इतर कारागीर शहरांच्या मानाने अधिक भरवशाची आहे.

दरम्यान १८७७ साली शहरातील पहिली कापडगिरणी सुरू झाली, जिला पुढे ‘जुनी मिल’ हे नाव पडले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तिच्यामागोमाग आणखी गिरण्या आल्या. गिरणीने हातमाग संपवला नाही. ती त्याला सूत पुरवी, आणि विणकराच्या घरातील एखादा भाऊ किंवा मुलगा गिरणीत जाऊन नियमित पगार आणी, ज्याच्या आधारावर मागाचा मंदीचा काळ निभावे. कायद्याच्या दृष्टीने मात्र ही दोन वेगळी राज्ये होती. १८८१ आणि १८९१ च्या कारखाना कायद्यांनी मुलांच्या आणि नंतर स्त्रियांच्या कामाच्या तासांवर गिरणीत मर्यादा घातली. घरात रात्री दिव्याच्या उजेडात कांड्या भरणाऱ्या मुलीला तो कायदा लागू नव्हता, कारण ती कारखान्यात नव्हती, घरी होती. घराचा उंबरा ही कामगार कायद्याची सीमा आहे, हे तत्त्व तेव्हापासून रुजले आणि ते उखडण्याचे प्रयत्न पुढे शंभर वर्षे चालले.

दुष्काळी मदतीच्या बाबतीतही घराशी बांधलेल्या या धंद्याने सरकारला पेचात टाकले. सरकारी दुष्काळी काम म्हणजे गावाबाहेर, कित्येकदा कित्येक मैलांवर, खडी फोडणे किंवा तलावाची माती वाहणे. विणकर तेथे गेला तर घर आणि माग दोन्ही मागे सुटत, आणि दगडाने राठ झालेल्या हातांना पुन्हा बारीक सूत पेलत नसे. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत मुंबई इलाख्यातील विणकरांच्या शहरांत सूत पुरवून, घरीच विणवून, ते कापड विकत घेण्याची पद्धत अवलंबण्यात आली. कामगाराला मदतीच्या ठिकाणी नेण्याऐवजी मदत त्याच्या घरी नेण्याचा हा प्रयोग होता, आणि अधिकाऱ्यांनी तो नाइलाजाने केला असला तरी त्यामागची समज योग्य होती.

विडीचा धंदा या शहरात वाढला त्याचे कारण भूगोलात सापडत नाही. विडीला लागणारे तेंदूचे पान विदर्भाच्या आणि मध्य प्रदेशाच्या जंगलांतून येते, तंबाखू निपाणीहून किंवा गुजरातेतून येतो. सोलापूर यांपैकी कशाच्याही जवळ नाही. जवळ होत्या त्या बायका. पद्मशाली घरातील पुरुष हातमाग सोडून गिरणीत, आणि नंतर यंत्रमागाच्या शेडमध्ये, जाऊ लागला तेव्हा कांड्या भरणारे हात मोकळे झाले. हे हात चपळ होते, पोर सांभाळत व चूल पाहत तुकड्यातुकड्याने काम करण्याची त्यांना पिढ्यांची सवय होती, आणि घराबाहेर मजुरीला जाण्यास कुटुंबाचा विरोध असल्याने मिळेल त्या दरात ते राबत. पाने आणि तंबाखू शेकडो किलोमीटर वाहून आणणे व्यापाऱ्याला परवडले, कारण ते श्रम स्वस्त होते. उद्योगाच्या मागे वस्ती जाते असे सामान्यतः मानले जाते. सोलापुरात उद्योग वस्तीच्या मागे आला. आज शहरातील विडी कामगार स्त्रियांची संख्या पन्नास हजारांच्या वर आहे.

विडी वळण्याचे काम वरवर पाहता कोठेही करता येण्याजोगे आहे. रात्री पाने भिजत घालायची, सकाळी पत्र्याच्या साच्याबरहुकूम ती कातरायची, मांडीवरच्या सुपातून तंबाखू घेऊन पानात भरायचा, वळून टोक मुडपायचे आणि दोऱ्याने बांधायचे. पंचवीस विड्यांचा एक कट्टा होतो, आणि मजुरी हजार विड्यांवर ठरते. ना यंत्र, ना वीज, ना खड्डा. मागाच्या मानाने या कामाने घराला पूर्णपणे मुक्त करायला हवे होते. तसे झाले नाही, कारण पान आणि तंबाखू मालकाचा असतो, आणि तो आणण्यासाठी व वळलेला माल देण्यासाठी बाईला कंपनीच्या शाखेवर जावेच लागते. तेथे तपासनीस विड्या पाहतो, नापसंत बाजूला काढतो, त्यांची मजुरी देत नाही; पान वजनाने कमी पडले किंवा खराब निघाले तर ते पदरमोड करून बाजारातून आणावे लागते. डोक्यावर टोपली घेऊन जाण्या-येण्याचा वेळ कोणी मोजत नाही. तो कमी करण्याचा मार्ग एकच, शाखेजवळ राहणे. म्हणून पूर्व भागातील एखाद्या बोळातील आठ बाय दहाची खोली, पाणी आणि संडास सामाईक असूनही, गावाबाहेरच्या मोकळ्या जागेपेक्षा अधिक मागणीची ठरली.

विडी घरात कशी गेली याला कायद्याचाही इतिहास आहे. पूर्वी विड्या मोठ्या प्रमाणावर कारखान्यांतही वळल्या जात. सिन्नर, संगमनेर, निपाणी येथेही तीच रीत होती. परंतु कारखान्यात बसणारा विडी कामगार हा कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ आहे काय, यावरच वाद होता. शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६० च्या दशकाच्या आरंभीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असे ठरवले की, जो मनुष्य आपल्या सोयीने येतो-जातो आणि ज्याच्या काम करण्याच्या रीतीवर मालकाची देखरेख नाही, तो कारखाना कायद्याखालील कामगार नव्हे. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी या निर्णयाशी असहमती नोंदवली. थोडक्यात, कामाच्या वेळेची जी मोकळीक कामगाराला सोयीची म्हणून दाखवली जात होती, तीच त्याच्या हक्कांच्या आड आली.

ही उणीव भरून काढण्यासाठी संसदेने १९६६ साली विडी व सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा केला. त्यात घरी काम करणाऱ्याला नोकर मानले गेले, ही मोठी सुधारणा होती. त्याच कायद्याने कारखान्याच्या जागेसाठी परवाना, हवा-उजेड, पिण्याचे पाणी, संडास, पाळणाघर अशा अटीही घातल्या, आणि मालकांनी त्यातून स्वतःचा अर्थ काढला. जागाच ठेवली नाही तर अटी पाळण्याचा प्रश्न उरत नाही. ठिकठिकाणी कारखान्यांत वळण्याचे काम आटत गेले आणि ‘घरखाता’ पद्धत, म्हणजे ठेकेदारामार्फत किंवा शाखेमार्फत माल घरी देऊन विड्या वळवून घेण्याची पद्धत, सर्वत्र पसरली. केरळात याचे स्वरूप अधिक उघडे होते. तेथे १९६८ साली हा कायदा अमलात येताच मंगळूरच्या एका मोठ्या कंपनीने कण्णूर भागातील काम बंद केले, सुमारे बारा हजार माणसे बेकार झाली, आणि त्यांतून १९६९ साली ‘दिनेश बीडी’ ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली, जिने काम पुन्हा एका छपराखाली आणले. सोलापुरात तसे काही घडले नाही. तेथे मालकाने आपले छप्पर काढून घेतले आणि कामगार स्त्रीने स्वतःचे, किंवा खरे तर भाड्याचे, छप्पर त्याच्या धंद्याला दिले; त्याचे भाडे तिला कोणी दिले नाही.

न्यायालयांनी पुढे बरीच दुरुस्ती केली. १९७७ साली भविष्यनिर्वाह निधीचा कायदा विडी उद्योगाला लागू झाला, मालकांनी त्याला आव्हान दिले, आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की, काम घरी चालत असले तरी वाईट माल नाकारण्याचा अधिकार मालकाकडे आहे आणि हेच त्याच्या नियंत्रणाचे गमक आहे. ज्या तपासनिसाच्या बाजूला काढलेल्या विड्यांनी कित्येक वर्षे बाईची मजुरी कापली, तोच तिच्या नोकरीचा कायदेशीर पुरावा ठरला. १९७६ साली विड्यांवर उपकर बसवून कल्याणनिधी स्थापन झाला होता, ज्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरबांधणीसाठी अनुदान दिले जाई. २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यावर हा उपकर रद्द झाला.

यंत्रमागाची कथा येथे थोडक्यात सांगितली तरी पुरे, कारण ती भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील कथेहून फार निराळी नाही. १९५० नंतर लुगड्याची मागणी घटत गेली, सोलापूरने चादरी आणि टॉवेल विणायला घेतले, हातमागाच्या जागी यंत्रमाग आला, आणि प्रथम तो राहत्या घराच्या पुढच्या खोलीत बसला. मागील खोलीत संसार आणि पुढे दिवसरात्र खडखडणारे दोन माग, अशी घरे पूर्व भागात कित्येक वर्षे होती. पुढे मोठे कारखानदार अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत गेले, शतकाच्या अखेरीस मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि गिरणीचा नियमित पगार गमावलेल्या अनेक घरांत विडी हे जोडउत्पन्न न राहता मुख्य उत्पन्न झाले.

या पार्श्वभूमीवर सोलापूरच्या विडी कामगार चळवळीने मजुरीच्या जोडीने घराची मागणी इतकी पुढे का आणली, हे कळते. सामान्यतः कामगार संघटनांच्या मागण्यांत घर खालच्या क्रमांकावर असते. जिचे घर हाच कारखाना आहे तिच्या बाबतीत घराची मागणी म्हणजे कामाच्या जागेची मागणी असते, तंबाखूची धूळ तान्ह्या मुलाच्या पाळण्यापासून दूर ठेवण्याची मागणी असते आणि घरमालकाच्या मर्जीवर रोजगार अवलंबून न राहण्याची मागणी असते. सिटू या संघटनेचे नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने महिला विडी कामगारांची सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली, आणि १९४५ च्या वारली उठावाच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांचे नाव तिला देण्यात आले. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि स्वतः कामगार यांनी खर्चाचा वाटा उचलून दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी येथे दहा हजार घरे बांधली, आणि २००६ साली तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचे वाटप झाले. घरून काम करणाऱ्या स्त्रियांनी संघटितपणे आपली वस्ती स्वतः निवडल्याचे इतके मोठे दुसरे उदाहरण महाराष्ट्रात दाखवता येणार नाही.

त्यानंतर त्याच परिसरात रे नगर हा तीस हजार घरांचा प्रकल्प हाती घेण्यात आला, ज्यात विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, कचरावेचक आणि इतर असंघटित कामगारही सामील होते. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जानेवारी २०१९ मध्ये त्याची पायाभरणी केली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पहिली पंधरा हजार घरे लाभार्थींना दिली. मात्र जुन्या पेठेतून शहराबाहेरच्या वसाहतीत गेलेल्या विडी कामगार स्त्रीला पक्के घर मिळते तेव्हाच तिचे शाखेपासूनचे अंतर वाढते. घरखात्याच्या धंद्यात हे अंतर ही किरकोळ बाब नव्हे. शाखा वसाहतीत आली किंवा माल पोचवणारी गाडी सुरू झाली तरच नवे घर हे कामाचे घर राहते. एरवी रिक्षाचे भाडे मजुरी खाते. गृहनिर्माणाच्या योजना आखणारे खाते आणि विडी उद्योगावर देखरेख करणारे खाते वेगवेगळे असल्यामुळे ही जोडणी योजनेत न राहता कामगारांच्या आणि संघटनेच्या शिरावर पडते.

मार्च २०२० मध्ये देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी घरून काम करावे असे सांगण्यात आले. पुण्या-मुंबईतील संगणक कंपन्यांतील अनेक तरुण आपापल्या गावी परतले, त्यांत सोलापूरचेही होते, आणि वडिलांच्या घरातील एका खोलीत बसून त्यांनी महानगराच्या पगारावर काम केले. त्यांच्यासाठी सरकारनेही नियम बदलले. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२० मध्ये सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांवरील निर्बंध सैल करून घरून काम सुलभ केले, आणि विशेष आर्थिक क्षेत्रांसाठी जुलै २०२२ मध्ये तशी तरतूद झाली. त्याच शहरात, त्याच टाळेबंदीत, अर्धशतकाहून अधिक काळ घरूनच काम करीत आलेल्या विडी कामगार स्त्रिया बेकार झाल्या. त्यांचे घर बंद झाले नव्हते, शाखा बंद झाली होती. संगणकावर काम करणाऱ्याचा कच्चा माल तारेतून येतो आणि तयार मालही तारेतूनच जातो, म्हणून त्याला जागेचे स्वातंत्र्य मिळते. पान आणि तंबाखू तारेतून येत नाहीत. हा फरक तंत्राचा आहे, पण तेवढाच नाही. घरी बसून काम करणाऱ्या अभियंत्याला वीज, इंटरनेट आणि खुर्ची-टेबल यांचा खर्च मालकाने द्यावा काय, यावर २०२० नंतर चर्चा झाली आणि काही ठिकाणी तो मिळालाही. विडी वळणारीच्या कात्रीचे, सुपाचे, दिव्याचे आणि खोलीच्या भाड्याचे काय, हा प्रश्न त्या चर्चेत कोणी काढला नाही.

तो प्रश्न जागतिक व्यासपीठावर त्याआधीच मांडला गेला होता. इला भट्ट यांनी अहमदाबादेत १९७२ साली स्थापन केलेल्या ‘सेवा’ या संघटनेने आणि तिच्या परदेशी सहकाऱ्यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केल्यानंतर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जून १९९६ मध्ये गृहश्रमिकांविषयीचा १७७ क्रमांकाचा करार संमत केला, ज्याचे मुख्य सूत्र असे की, घरी काम करणाऱ्याला मजुरी, संघटना, सुरक्षितता आणि प्रसूतिसंरक्षण यांबाबत इतर कामगारांच्या बरोबरीने वागवले जावे. भारताच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गृहाधारित कामगाराची व्याख्या आहे. या कराराला मात्र भारताने अद्याप मान्यता दिलेली नाही.